आहेराची वही

विमा एजंटच्या ट्रेनिंगच्या दुसऱ्या दिवशी पुण्याहून आलेले ट्रेनर म्हणाले, शंभर नावं लिहा. ओळखीची शंभर माणसं, नाव, वय, मुलं किती, अंदाजे पगार किती. मी चौतीस नावं भराभर लिहिली आणि अडकले. माझ्या शेजारी एक रिटायर्ड मास्तर होते, त्यांची पानंच्या पानं भरत होती, सगळे जुने विद्यार्थी. मी पेन चावत बसले होते ते बघून ट्रेनर जवळ आले आणि म्हणाले, मॅडम, आठवत नसतील तर लग्नातली आहेराची वही काढा, त्यात सगळे सापडतात.

सगळे हसले, मीपण हसले. पण माणूस मस्करी करत नव्हता.

ही गोष्ट नोव्हेंबर २००७ ची. सांगलीच्या विश्रामबागेत एका शोरूमच्या वरच्या मजल्यावर ऑफिस, एसी, नवीन खुर्च्या, भिंतीवर हसणाऱ्या कुटुंबाचा फोटो, आणि आम्ही अकरा जण. कंपनीचं नाव लिहीत नाही, त्यानं काही फरक पडत नाही, कारण सांगलीत विम्याचा एजंट कुठल्याही कंपनीचा असला तरी तो एलआयसीवालाच असतो. मला आजही लोक "एलआयसीवाल्या काकू" म्हणतात, मी दुरुस्त करायचं सोडून दिलंय.

तेव्हा मी चौतीस वर्षांची, बीकॉम झालेली, त्या बीकॉमचा घरच्या किराणा हिशोबापलीकडे उपयोग न केलेली. मुलगी चौथीत, मुलगा बालवाडीत. आमचे हे कुपवाड एमआयडीसीत एका फाउंड्रीत, पगार कधी सातला तर कधी वीसला. एजन्सीचं मला आमच्या भिशीतल्या एका वहिनींनी सांगितलं. त्या स्वतः कधीच एजंट झाल्या नाहीत, मला पाठवून त्यांना काय मिळालं कुणास ठाऊक, पण सेल्स मॅनेजर दुसऱ्याच दिवशी घरी हजर. इचलकरंजीचा, सव्वीस वर्षांचा पोरगा, सांगलीच्या उन्हात टाय लावलेला. त्याला आम्ही सगळे "सर" म्हणायचो, त्याच्या आईच्या वयाच्या बायकासुद्धा. तो म्हणाला, मॅडम, तुमचं सर्कल मोठं आहे. मला माझं सर्कल आहे हेच त्या दिवशी कळलं.

सासऱ्यांना हे पटलं नव्हतं. त्यांचं म्हणणं, विमा म्हणजे एलआयसी, बाकीचं सगळं दुकानदारी. त्यांच्या वडिलांची साताऱ्याच्या वेस्टर्न इंडियाची पॉलिसी होती, अण्णासाहेब चिरमुल्यांनी १९१३ साली काढलेली ती कंपनी, आणि १९५६ ला सरकारनं अशा २४५ कंपन्या आणि सोसायट्या ताब्यात घेऊन एलआयसी केली तेव्हा तीपण त्यात गेली. तो जुना कागद त्यांनी ट्रंकेत जपून ठेवला होता, पैसे केव्हाच मिळून संपले होते तरी. मला दाखवून म्हणाले, ह्या कंपनीचा एजंट सायकलवरून यायचा, पाणी प्यायचा आणि हप्त्याची आठवण करून जायचा, विम्याचं नाव काढायचा नाही. मग विमा विकायचा कसा, असं मी विचारलं, तर म्हणाले, ते त्यालाच विचारायला पाहिजे होतं.

परीक्षेचं फार काही सांगण्यासारखं नाही. कोल्हापूरला जाऊन कॉम्प्युटरवर ५० प्रश्न सोडवले, आयुष्यात पहिल्यांदा माउस धरला होता, हात थरथरत होता. पुस्तकात एक तत्त्व होतं, अटमोस्ट गुड फेथ, म्हणजे विमा घेणाऱ्यानं आणि देणाऱ्यानं एकमेकांपासून काही लपवायचं नाही. त्यावर दोन मार्कांचा प्रश्न आला होता, मी बरोबर सोडवला. पुढच्या तीन वर्षांत त्या तत्त्वाची जी काही वाट लागलेली बघितली, आणि काही वाट मी स्वतः लावली, त्याचे मार्क कुणी कापले नाहीत.

तर आहेराची वही. माळ्यावर होती, रुखवताच्या खोक्यात. लाल पुठ्ठ्याची, पहिल्या पानावर "श्री" आणि १९९६ ची तारीख, अक्षर माझ्या चुलतभावाचं, त्याला त्या दिवशी जेवायला पण उठू दिलं नव्हतं. मुलं झोपल्यावर मी ती घेऊन बसले. ५१ रुपये. १०१ रुपये. ब्लाउजपीस. स्टीलचा डबा मोठा. लेमन सेट, लेमन सेट, लेमन सेट, एकूण सात. भिंतीवरचं घड्याळ, ते अजून चालतंय. २१ रुपये देणाऱ्या एक आजी होत्या आमच्या गल्लीतल्या, पोळ्या लाटून पोट भरायच्या, त्यांचे २१ कुठल्याही हिशोबानं सगळ्यात मोठे होते. आणि मी काय करत होते, तर प्रत्येक नावापुढं पेन्सिलनं खूण करत होते की हा माणूस वर्षाला किती भरू शकेल. त्या आजींच्या नावापुढं मी पेन्सिल ठेवली आणि उचलली. तेवढी लाज शिल्लक होती.

आमच्या पत्रिकेवर "कृपया आहेर आणू नये" असलं काही छापलं नव्हतं, तेव्हा आमच्यात तशी पद्धत नव्हती. आहेर घ्यायचा, लिहून ठेवायचा, आणि त्यांच्या घरी कार्य निघालं की वही उघडून बघायचं त्यांनी आपल्याला काय दिलं होतं, आणि थोडं वाढवून परत करायचं. वही असते ती परत करण्यासाठी. ट्रेनरला ही दुसरी बाजू माहीत नसावी, किंवा असेल. मी मात्र त्या रात्री त्याच वहीतून माणसं उतरवून घेतली आणि त्यांच्याकडं दुसरा आहेर मागायला निघाले. शंभर नावं पूर्ण झाली, उलट एकशे बारा झाली.

तिसऱ्या पानावर मामा. "५०१ रु. व पितळी कळशी." मला मांडवात घेऊन आलेला हाच मामा, तासगावजवळ द्राक्षबाग, आईच्या पाठचा एकुलता भाऊ. सेल्स मॅनेजर म्हणाला होता, पहिली केस जवळच्या माणसाकडं करा, कॉन्फिडन्स येतो. जानेवारी २००८ मध्ये, संक्रांतीच्या आधी, आम्ही दोघं त्याच्या बाईकवरून गेलो, तो गॉगल लावून पुढं, मी पदर सांभाळत मागं. बागेत माल भरला होता. मामीनं चहा केला, भडंग दिलं, सरांनी लॅपटॉप उघडून तो ग्राफ दाखवला, वर जाणारा. तेव्हा सेन्सेक्स २१,००० ला लागला होता, पेपरात पहिल्या पानावर होतं, त्यामुळं ग्राफ वरच जाणार ह्यात कुणालाच शंका नव्हती, सरांनाही नव्हती, हे मी त्याच्या बाजूनं सांगते, तो पोरगा खोटं बोलत नव्हता, त्यानं स्वतःच्या बापाला पण तोच प्लॅन दिला होता.

मामानं लॅपटॉपकडं बघितलंच नाही. माझ्याकडं बघून विचारलं,

"किती भरायचं म्हणतीस?"

"पंधरा हजार, मामा."

"म्हैन्याचं का वर्साचं?"

"वर्षाचं."

"मग लिव्ह."

एवढंच. कशाचा प्लॅन, किती वर्षं, मेल्यावर किती, जगल्यावर किती, एक प्रश्न नाही. मी सगळं पाठ करून गेले होते, आक्षेपांना उत्तरं कशी द्यायची ह्याचं तर अर्धा दिवस ट्रेनिंग झालं होतं, एकही वापरावं लागलं नाही. मला वाटलं, किती सोपं आहे हे काम. बाईकवर परत येताना सर म्हणाले, मॅडम, तुमच्यात टॅलेंट आहे, आणि मी ते खरं मानलं.

पहिल्या तीन महिन्यांत मी एकोणीस केसेस लॉगिन केल्या. त्यातल्या सतरा आहेराच्या वहीतल्या. ब्रांचमध्ये माझ्यासाठी टाळ्या, प्लॅस्टिकची ट्रॉफी, ग्रुप फोटो. पहिलं कमिशन टीडीएस कापून हातात आलं त्यातून मी प्रेशर कुकर घेतला आणि मुलीला सायकल, आणि ह्यांना न विचारता घेतला हे मला कुकरपेक्षा जास्त आवडलं होतं. आता मागं वळून बघितलं की कळतं की त्या सतरा पॉलिसी मी विकल्याच नव्हत्या. लोकांनी दिल्या होत्या. भाचीनं धंदा काढलाय, मैत्रिणीनं काहीतरी सुरू केलंय, द्या काहीतरी. लेमन सेट दिला तसंच.

मग वही संपली आणि खरं काम सुरू झालं.

सांगलीत तोंडावर "नाही" कुणी म्हणत नाही. मुंबईत म्हणे सरळ दार लावतात, ते बरं. इथं आत बोलावतात, पंखा लावतात, चहा देतात, आणि "बघू" म्हणतात. ह्या बघूचे किती अर्थ असतात ते शिकायला मला दोन वर्षं लागली. "बघू की" म्हणजे नाही. "बघूया, या परत" म्हणजे पण नाही, पण माणूस भला आहे. "मार्चमध्ये बघू" म्हणजे कर वाचवायच्या ८० सी कलमात जागा उरली तर, आणि तीपण सीए जेवढी सांगेल तेवढ्याच आकड्याची. "हळदीचा भाव लागू दे" म्हणणारे मार्केट यार्डातले, त्यांचा भाव कधीच लागत नाही, मनासारखा तर नाहीच. बेदाण्याचे व्यापारी म्हणायचे, सौद्यानंतर या, आणि सौद्यानंतर गेलं की दुकानात फक्त दिवाणजी. "माझा मेव्हणाच एलआयसीत आहे" हे सगळ्यात पक्कं नाही, ह्याच्यापुढं बोलायचं नाही, चहा संपवायचा आणि उठायचं. सांगलीत प्रत्येकाचा एक मेव्हणा एलआयसीत असतो, एवढे मेव्हणे एका ब्रांचमध्ये मावत कसे असतील देव जाणे.

माझ्या पांढऱ्या स्कूटीला लोक ओळखायला लागले होते. हरभट रोडवर समोरून येणारी ओळखीची बाई अचानक चपलांच्या दुकानात शिरायची. एकदा गणपती मंदिरात प्रदक्षिणा घालताना माझ्या नणंदेच्या जाऊबाई माझ्या पुढं चालत होत्या, मी मागं आहे हे कळल्यावर त्यांनी वेग वाढवला, मीपण गमतीनं वाढवला, दोघींच्या अकरा प्रदक्षिणा झाल्या आणि त्या शेवटी धापा टाकत म्हणाल्या, अगं घेते गं पॉलिसी, पण थांब. मला हसू पण आलं आणि रात्री रडू पण. देवळात सुद्धा मी विमाच झाले होते.

हळदीकुंकवाला गेले की बायका जरा ताठ बसायच्या. खरं सांगायचं तर बायकांना विमा विकणं म्हणजे भिशीशी भांडण. आमची भिशी वीस जणींची, महिना ५०० रुपये, चिठ्ठी निघाली की दहा हजार हातात, फॉर्म नाही, फोटो नाही, मरायची भाषा नाही, वर बटाटेवडे. तिथं मी काय सांगणार, की वीस वर्षं भरा, मग मिळतील. आणि समजा एखादीला पटलंच तर पुढचं वाक्य ठरलेलं, "ह्यांना विचारून सांगते." मग संध्याकाळी हे घरी असताना जायचं, हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणणार, तिच्या नावावर कशाला, ती कुठं कमावतीय.

कंपन्यांचं पण फार वेगळं नव्हतं. स्वतःची कमाई नसलेल्या बाईचा विमा काढायचा तर आधी विचारणार की नवऱ्याचा विमा किती आहे, त्याच्यापेक्षा जास्त तिचा नको. मी स्वतःचा फॉर्म भरला तेव्हा व्यवसायाच्या रकान्यात "गृहिणी" लिहिलं होतं आणि ह्यांच्या पॉलिसीची झेरॉक्स जोडावी लागली. दोन वर्षांनी कमिशनवर रिटर्न भरल्यावर दुसरा फॉर्म भरला, त्यात व्यवसाय "विमा सल्लागार" आणि झेरॉक्स कुणाचीच नाही. ते अक्षर मी जरा मोठंच काढलं होतं.

आणि रिबेट. हे बाहेरच्या लोकांना माहीत नसतं असं नाही, पण ह्यावर कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते. "मॅडम, तुम्हाला किती सुटतं ह्यात? मग त्यातलं आम्हाला किती?" चांगले शिकलेले, दोन पगार घरात येणारे लोक विचारतात. विमा कायदा १९३८ चा, त्याच्या ४१ व्या कलमात कमिशनमधला हिस्सा ग्राहकाला देणं गुन्हा आहे, देणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही, हे प्रत्येक फॉर्मवर छापलेलं असतं. तेव्हा दंड किती होता माहितीय? जास्तीत जास्त ५०० रुपये. २०१५ ला कायदा बदलला आणि तो दहा लाखांपर्यंत नेला, तरी प्रश्न विचारायचे थांबलेले नाहीत. मी दिलाय रिबेट, लपवत नाही, पहिल्या वर्षी मार्चमध्ये टार्गेटला दोन केसेस कमी होत्या तेव्हा एका प्राध्यापकांना पहिल्या हप्त्यातले काही पैसे पाकिटात घालून दिले. त्यांनी माझ्यासमोर मोजले. नंतर त्यांनी दुसरा हप्ता भरलाच नाही, म्हणजे त्या केसमध्ये कमावलं फक्त त्यांनी.

मामाला पॉलिसी दिली त्याच महिन्यात बाजार आपटला. पहिल्यांदा सर म्हणाले करेक्शन आहे. मग म्हणाले लाँग टर्म बघा. ऑक्टोबरात सेन्सेक्स ८,००० च्या आसपास आला तेव्हा सर काहीच म्हणाले नाहीत, त्यांनी टाय लावायचा सोडला होता. लोकांच्या घरी फंडाचे स्टेटमेंट जायला लागले आणि माझ्या घरी लोक यायला लागले. मी तेव्हा पहिल्यांदा ते स्टेटमेंट स्वतः नीट वाचलं. विकताना वाचलं नव्हतं हे आधी कबूल करते. पहिल्या वर्षाच्या हप्त्यातला मोठा तुकडा ॲलोकेशन चार्ज म्हणून आधीच बाजूला निघालेला, दर महिन्याला ॲडमिनचे पैसे वेगळे, आणि जिवाच्या जोखमीचे वेगळे. हे शेवटचे वयाप्रमाणे वाढतात, मामा चोपन्न वर्षांचे होते, म्हणजे त्यांच्या युनिटमधून, फंडातल्या त्यांच्या हिश्श्यातून, जे कापलं जात होतं ते माझ्या वयाच्या माणसाच्या कितीतरी पट. ग्राफ कुठं जाईल ते सोडा, निघतानाच गाडीतलं पेट्रोल काढून घेतलं होतं.

आम्हाला शिकवलेलं वाक्य होतं, तीन वर्षं भरा, मग नाही भरलं तरी चालतं. पार पाठ होतं सगळ्या एजंटांना ते, ऐकणाऱ्याला वाटायचं तीन वर्षांचीच पॉलिसी आहे. मामानं दोन वर्षं भरले. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळाचा पाऊस झाला, बाग ऐन फुलोऱ्यात होती, घड कुजले, त्या साली मामाकडं औषधाच्या दुकानाचीच उधारी एवढी झाली की तिसरा हप्ता भर असं म्हणायला माझी जीभ रेटली नाही. पॉलिसी बंद पडली. तीन वर्षं पूर्ण झाल्यावर सरेंडर चार्ज कापून जे आलं ते ११,६१२ रुपये. भरलेले तीस हजार. चेक माझ्याच हातानं नेऊन दिला. मामांनी तो उलटसुलट बघितला, शर्टाच्या खिशात ठेवला आणि म्हणाले, "जेवून जा." मी ओरडा खायला तयार होऊन गेले होते. त्यांनी ओरडायला हवं होतं.

त्याच सुमारास, १ सप्टेंबर २०१० पासून, इर्डानं, म्हणजे विम्यावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनं, युलिपचे, म्हणजे मामाला दिली तसल्या बाजाराला जोडलेल्या पॉलिसींचे, नियम बदलले, पैसे अडकून राहायची तीन वर्षं होती त्यांची पाच केली, चार्जेसना लगाम घातला. कमिशन एकदम खाली आलं. आमच्या अकरा जणांतले आठ वर्षभरात गळाले, मास्तर सगळ्यात आधी. सर दुसऱ्या कंपनीत गेले, मग तिसऱ्या, आता म्हणे कोल्हापुरात घरं विकतात. विश्रामबागेतलं ऑफिस बंद होऊन दुसऱ्या ब्रांचला जोडलं. एजंट सोडून गेला की त्याच्या पॉलिसींना ऑर्फन म्हणतात, अनाथ. त्या यादीत माझ्या शेजारच्या टेबलावरच्यांच्या शेकडो होत्या. त्यातल्या बऱ्याच माझ्या डायरीत आल्या, कारण लोक स्कूटी थांबवून विचारायचे, ओ काकू, तो तुमच्यातला गेला, आता आमचं कोण बघणार.

मी का नाही सोडलं? खरं उत्तर भारी नाही. मुलीची फी होती, आणि वहीतल्या सतरा माणसांना तोंड दाखवायचं होतं. सोडून दिलं असतं तर प्रत्येक लग्नात मी चपलांच्या दुकानात शिरणारी बाई झाले असते.

मग हळूहळू मी साधा टर्म विमा विकायला लागले, ज्यात जगलात तर काही मिळत नाही. हे वाक्य सांगलीत उच्चारून बघा. "म्हणजे पैसे बुडणार?" हो, बुडणार. "मग फायदा कुणाचा?" तुम्ही गेलात तर घरच्यांचा. इथं लोक अंगावर पाल पडल्यासारखं करतात. वाईट प्रसंगाच्या गोष्टी सांगून घाबरवून विकायचं पण एक ट्रेनिंग असतं, अमक्यानं दिवाळीनंतर बघू म्हटलं आणि दिवाळीच बघितली नाही असले किस्से, मीटिंगमध्ये दरवेळी एक तरी असतो. माझ्याकडं पण आहेत तसले दोन. मी कुणाला सांगत नाही, त्या माणसांच्या बायका ह्याच गावात राहतात.

एक मात्र सांगते कारण त्यात शिकण्यासारखं काम आहे. गणपती पेठेतला एक व्यापारी, कर्जावर धंदा करणारा, २०१६ मध्ये त्याला मी पन्नास लाखाचा टर्म दिला आणि फॉर्म भरतानाच मॅरिड वुमेन्स प्रॉपर्टी ॲक्टखाली घ्यायला लावला. हा कायदा १८७४ चा, नवऱ्यानं त्याखाली पॉलिसी घेतली की ते पैसे बायकोमुलांचेच, कर्ज देणाऱ्याला त्याच्यावर हात टाकता येत नाही. एक जादा कागद भरायचा असतो, फुकट. तरी फारसं कुणी सांगत नाही. तो मे २०२१ ला कोविडमध्ये गेला. क्लेम आला तेव्हा त्याच्या बायकोनं मला दारातच विचारलं, दीर म्हणतायत बँकेचं आधी भागवू, मला द्यावे लागतील का? तो कागद मी बरोबर नेला होता. तिनं तो तीनदा वाचला. ह्याच बाईनं मला २००८ मध्ये "ह्यांना विचारून सांगते" म्हणून घालवलं होतं, तिला ते आठवत पण नव्हतं.

आणि २०१९ चा महापूर. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर, धोक्याची पातळी ४५. गावभागात पाणी उतरल्यावर मी गेले तर एका वाड्यात दोरीवर साड्यांच्या शेजारी पॉलिसीचे बाँड चिमटे लावून वाळत घातले होते, शाई पसरून निळे झालेले. आमचं घर उंचावर, माझ्या डायऱ्या कोरड्या होत्या. २००७ पासूनच्या बारा डायऱ्या, प्रत्येक पॉलिसीचा नंबर, ड्यू तारीख, नॉमिनी, माझ्या हातानं लिहिलेलं. पंधरा दिवस मी फक्त नंबर वाटत फिरले, कुणाच्या पण कंपनीचे, ऑर्फन असो नसो. त्या पंधरा दिवसांत एकही पॉलिसी विकली नाही आणि एकही माणूस मला बघून वळला नाही.

मामाचं राहिलं.

२०१३ ला मामाच्या मुलीचं लग्न निघालं. मला ही संधी वाटली. सरळ पैसे दिले असते तर त्यांनी घेतले नसते. आहेराला कोण नाही म्हणणार? तीस हजारातून ११,६१२ गेले की १८,३८८ उरतात. तेवढेच घातले असते तर आकडा ओरडून सांगितला असता, म्हणून १८,५०१ घातले, पाकीट बंद केलं, तासगावच्या कार्यालयात टेबलावर दिलं आणि जेवणाच्या पंगतीत जाऊन बसले. आठ दिवसांनी मामीचा फोन, अगं एवढे कशाला, कुणी देतं का एवढे? मी म्हटलं, असू द्या हो मामी, एकुलती बहीण आहे ती माझी. मागं मामांचा आवाज आला, कोण हाय, काय म्हणती, आणि मग मामीनं आकडा सांगितलेला ऐकू आला. मग बराच वेळ कुणीच बोललं नाही. मामा फोनवर आले नाहीत. मला वाटलं, झालं, फिटलं.

डिसेंबर २०२३ ला माझ्या मुलीचं लग्न झालं. तिनं पत्रिकेवर "कृपया आहेर आणू नये" छापूनच घेतलं होतं, तिचा हट्ट, आणि मला पण पटलं होतं. त्यामुळं टेबल नाही, वही नाही, लिहायला कुणाला बसवलं नाही. अक्षता पडल्या, आणि मामा काठी टेकत माझ्याकडं आले. एकोणसत्तर वर्षं, गुडघे गेलेले, पण फेटा कडक. हातात पाकीट, आणि मागं नातवाच्या हातात पितळी कळशी.

"वही कुठाय?"

"मामा, आहेर घेत नाहीये आम्ही, पत्रिकेत लिहिलंय बघा."

"मी वाचलंय. वही कुठाय?"

"नाहीच केली वही."

"मग कशात बी लिव्ह. पण लिव्ह. अठरा हजार पाचशे एक."

आजूबाजूला फोटोवाला, विहीणबाई, सगळे बघायला लागले. मामा हलेनात. शेवटी मी पर्समधून डायरी काढली, ती लग्नातसुद्धा पर्समध्ये होतीच, त्या तारखेच्या पानावर सकाळीच दोन ड्यू प्रीमियम लिहून ठेवले होते. त्यांच्या खाली लिहिलं. मामा, १८,५०१ आणि पितळी कळशी. मामांनी चष्मा वर करून वाकून बघितलं, आकडा बोटानं तपासला, आणि नातवाला म्हणाले,

"चल आता. पंगत कुठल्या अंगाला हाय बघ."